हलक्या हाताचे तात्या

२ ऑक्टोबर
यशस्वी माणसं रोज डायरी लिहितात असं काल एका रीलमध्ये बघितलं. सांगणारा कोट घालून बसला होता, खोटं बोलंल असं वाटलं न्हाय. म्हणून आजपासून सुरू. डायरी मागच्या वर्षीची हाय, खताच्या दुकानातनं मिळालेली. तारखा खोडून लिहितोय. कागद चांगला हाय.

संकल्प. तंबाखू बंद. मोबाईल फक्त धारा झाल्यावर. आणि समर्थला पोलीस करायचं. हा शेवटचा संकल्प समर्थनं पुरा करायचाय, पण मार्गदर्शन माझं.

घरात चौघं. मी म्हस्कू. वडगाव निंबाळकरात दूध डेअरी बघतो. लोकं चेअरमन म्हणतात. खरं तर दोघंच म्हणतात, पण म्हणतात. बायको सारजा. थोरला समर्थ, बारामतीला अकॅडमीत भरतीची तयारी करतो. धाकटी वैष्णवी, इंदापूरला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला, तितंच हॉस्टेलवर. पोरं निर्व्यसनी. समर्थ तर सुपारीचं खांडबी खात न्हाय.

आणखी एक लिहून ठेवतो, कारण दुसरं कोण लिहिणार न्हाय. माझा हात सुईला फार हलका हाय. आमचा आबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, तवापास्नं सुया मारतोय. मी सुई दिली तर मेंढरू चरायचं थांबत न्हाय आणि गाय रवंथ थांबवत न्हाय. गुरांचा डॉक्टर एकदा म्हणला होता की म्हस्कूराव, तुमी शिकला असता तर माझं दुकान बंद झालं असतं. लई वर्षं झाली, पण मी विसरलो न्हाय.

संध्याकाळी: तंबाखू खाल्ली. आजचा दिवस धरायचा न्हाय, सकाळी संकल्प करायच्या आधी खाल्लेलीच होती. उद्यापास्नं.

६ ऑक्टोबर
समर्थ अकॅडमीतनं तोंड पाडून आला. मागच्या भरतीत सोळाशे मीटरला थोडक्यात गेला, आताबी थोडक्यातच जातोय. सारजा म्हणली, पोरगं मनातनं खचलंय, पोलीसच झालं पायजे असं कुठं हाय, गोठा हाय, गाया हायत, सुखानं राहील. मी म्हणलं तुला काय कळतंय. आबाला कोकणातल्या दर नाक्यावर पोलिसांनी उन्हात उभं केलं. मेंढरं मोजायची, परत मोजायची. मी बारका होतो, आबाचा हात धरून उभा असायचो. आबा त्या पोरांना साहेब साहेब म्हणायचा. एकदा तरी त्या अंगाला आमचा माणूस उभा पायजे.

वैष्णवीकडनं फोनवर इन्स्टाग्राम चालू करून घेतलं. म्हस्कू किंग वडगाव. पहिली फॉलोअर वैष्णवी. दुसरी कोण हाय ते कळत न्हाय, बाईचा फोटो हाय. सारजाला सांगितलं न्हाय.

१० ऑक्टोबर
डेअरीवर कुरियरवाला आला. पार्सल माझ्या नावाचं, वर लिहिलेलं जनावरांचं टॉनिक. मी तर काय मागवलं नव्हतं. तेवढ्यात समर्थचा फोन, की तात्या ते माझं हाय, फोडू नका. डेअरीवर रोज गुरांची औषधं येतात, म्हणून तितला पत्ता दिला, घरी आई उगा धा प्रश्न विचारती. पोरगं डोकेबाज हाय.

संध्याकाळी फोडलं. बारक्या बाटल्या. समर्थ म्हणला स्टॅमिनाचं व्हिटॅमिन हाय, अकॅडमीतली निम्मी पोरं घेतात. इन्स्टावर रांगडा पॉवर म्हणून पेज हाय, मेसेज टाकला की घरपोच. डॉक्टरची चिठ्ठीबिट्ठी काय लागत न्हाय. मी म्हणलं बघा, नेटमुळं खेड्यातल्या पोराचीबी कशी सोय झाली! बाटलीवर सगळं इंग्रजी, आणि एक उभी लाल रेघ. लाल रेघ कशाची म्हणून विचारलं तर म्हणला, स्ट्राँग असल्यावर देतात.

मग त्यानं बाही वर केली. हात काळानिळा पडलेला. यशराज म्हणून अकॅडमीतला दोस्त हाय, त्यानं टोचलं होतं म्हणं. माझा जीव कळवळला. असं टोचतात का कुणाला! समर्थ म्हणला, तात्या, तुमीच द्या ना, तुमचा हात हलका हाय.

पोरगं एवढं मोठं झालं, पण माझं कवतिक त्यानं पहिल्यांदा केलं.

दिली. तो शिट्टी वाजवत होता, आबा मेंढरं हाकारताना वाजवायचा ती. शिट्टी मोडली न्हाय.

१२ ऑक्टोबर
सकाळी कालव्याच्या रस्त्यानं पळाला. मी मोटरसायकलवर मागं, मोबाईलमध्ये टाईम लावून. काय पळतोय! खुंट्यावरनं सुटलेलं खोंडच जणू. पहिल्यांदा टायमात बसला. मी गाडी उभी करून तितंच देवाला हात जोडले. डोळ्यांत धूळ गेली होती, लई वेळ पाणी येत होतं.

सारजा म्हणली पोरगं रातभर अंगणात येरझाऱ्या घालत होतं. मी म्हणलं, ध्येय असल्यावर झोप येत न्हाय. ती म्हणली तुमाला तर येती. आता माझं ध्येय त्याच्याकडं दिल्यावर मी कशाला जागू?

तंबाखू: खाल्ली. आनंदाची धरत नसतात.

१७ ऑक्टोबर
रांगडा पॉवरच्या पेजवर गेलो. दंड दाखवणारी पोरं आणि मागं गाणी. सगळ्यांना लाईक दिलं, एकालाच दिलं तर दुसऱ्याला वाईट वाटायचं. खाली लोकं विचारतात की माल खरा हाय का, फसवत न्हाय ना. उत्तर कोणीच देत न्हाय. मला राहवलं न्हाय. गाई-म्हशी खरेदी-विक्रीच्या ग्रुपवर टाकतो तसं रीतसर टाकलं. माल खात्रीशीर. माझा मुलगा स्वतः वापरतो. फरक समक्ष येऊन बघावा. म्हस्कू, वडगाव निंबाळकर, दूध डेअरी. खाली मोबाईल नंबर, आणि नमस्काराचे दोन हात.

दुपारच्या आत पेजवाल्यानं हार्ट दिलं. मोठी माणसं अशीच असतात, बारक्याची दखल घेतात.

समर्थ मातूर खवळला. नंबर कशाला टाकला तात्या, आधी काढा. मी म्हणलं चांगल्या गोष्टीत लपवायचं काय? तरी त्याच्या समाधानासाठी काढायला गेलो. बटण घावलं न्हाय.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
वैष्णवी दिवाळीला आल्यापास्नं भावाच्या मागं लागलीय. डोळे का लाल, बोटं का थरथरतात. मनगट धरती आणि घड्याळाकडं बघत बसती. काल गोठ्यातल्या फळीवरची बाटली वाचली. म्हणली तात्या, हे व्हिटॅमिन न्हाय. ऑपरेशनला माणसाचं बीपी पडलं तर डॉक्टर देतात ते हाय. धडधाकट माणसानं घेतलं तर काळीज ऊर फुटंस्तोवर पळतं. मी म्हणलं, मग आपल्याला पळायलाच पायजे की. सारजा हसली न्हाय. माझ्या हिशोबानं विनोद बरा होता.

पहिल्या वर्षालाच एवढं कळत असंल तर पुढची वर्षं कशाला ठेवलीत कोण जाणे.

आज ओवाळायला बसली. टिळा लावला, निरांजन फिरवलं. समर्थनं खिशात हात घातला तर म्हणली, मला पैसे नको, कपडे नको, ओवाळणीत तो डबा दे. समर्थ पाटावरनं उठून बाहेर गेला. मला वाटलं रागानं गेला. पण गोठ्यातनं बाटल्यांचा डबा घेऊन आला आणि तिच्या ताटात ठेवला, निरांजनाशेजारी. खाली मान घालून म्हणला, घेऊन जा, मलाबी भ्या वाटतंय गं.

आता सणासुदीला हे असलं रडकं वातावरण! वैष्णवी रडती, सारजा पदर लावती. कुणीतरी खंबीर राहायला पायजे. मी मधी पडलो. डबा ताटातनं उचलला. म्हणलं भरतीचं ग्राउंड, पळायची परीक्षा तेवढी होऊ द्या, मग दोघं बहीण-भाऊ जाऊन कालव्यात टाका. तंवर तात्या हाय ना लक्ष ठेवायला. ओवाळणीसाठी मी बारामतीतनं ड्रेस आणूनच ठेवला होता, मोरपंखी. तो ताटात ठेवला. प्रसंग सावरला.

संध्याकाळच्या एसटीनं ती गेली. ड्रेस हितंच राहिला. विसरली असंल.

८ नोव्हेंबर
फोन सुरू झालेत. भिगवण, मोरगाव, पार इंदापूरच्या पलीकडनं. कमेंटमधले तात्या ते तुमीच का, म्हणून विचारतात. मी व्हय म्हणलो की पलीकडची पोरं एकमेकांना सांगतात, आरं तात्या हायत, तात्या हायत. डेअरीचं काम बघून आयुष्य गेलं, असा फोन कधी आला न्हाय.

यशराज त्याचा सुजलेला हात घेऊन आला. त्याला दिली. त्याच्या मागनं दोघं आली. त्यांना दिली. आता पहाटे धारांच्या टायमाला गोठ्यात पोरं उभी असतात. येतात, बाही वर करतात, पाया पडतात आणि कालव्याकडं पळत सुटतात. मी एक रुपाया घेत न्हाय. ही लोकसेवा हाय.

सारजा म्हणली, चंद्री गाय पान्हा चोरती, परक्या माणसांनी बुजलीय, दूध कमी झालं. मी म्हणलं देशाला पोलीस मिळतायत, तू दोन लिटरचं काय घेऊन बसलीस.

१५ नोव्हेंबर
यशराजनं रील काढली! समर्थ दुधाच्या कॅनवर बसलाय, बाही वर, मी सुई देतोय. तो कॅमेऱ्याकडं बघून हसतो आणि आबाची शिट्टी वाजवतो, सुरुवातीपास्नं शेवटपर्यंत. मागं चंद्री रवंथ करतीय. खाली लिहिलंय, हलक्या हाताचे तात्या. समर्थच्या अकाउंटवर टाकली.

दुपारी बघितली. संध्याकाळी बघितली. बायकोला दाखवली. ती म्हणली, किती वाळलाय ओ माझा समर्थ. हिला काय दाखवायचं आणि ही काय बघती.

१९ नोव्हेंबर
रील लाखात गेली. बारामतीत टपरीवर एकानं ओळखलं. चहाचे पैसे घेईना.

वैष्णवीचा फोन आला. रील काढायला लावा म्हणली, नुसती रडत होती. हॉस्टेलवर पोरी काहीबाही बोलत असतील. भावाचं नाव झालं की बहिणीला थोडं जड जातंच.

२९ नोव्हेंबर
रांगडा पॉवरचा मला स्वतःला मेसेज! बारामती-इंदापूर विभाग प्रमुख केलंय. मी कधी कुठल्या विभागाचा प्रमुख नव्हतो. शाळेत मॉनिटरसुद्धा न्हाय. काम एवढंच की पार्सल डेअरीवर उतरून घ्यायची आणि पोरं येतील तशी द्यायची. पार्सल आता खोक्यानं येतात, सगळ्यांवर जनावरांचं टॉनिक आणि माझं नाव. पेजवाला फोनवर हिंदीत बोलतो. आपलं नाव काय, गाव काय म्हणून विचारलं तर अंगठ्याचं चित्र पाठवलं. कामाचा माणूस दिसतो, बडबड न्हाय.

जेवताना समर्थनं ताट भिरकावलं. आमटीत मीठ जास्त झालं होतं म्हणं. सारजानं भिंत पुसली आणि उपाशी झोपली. मी तिला समजावलं की पोलिसाला थोडा ताव लागतोच.

आमटीत मीठ बरोबर होतं.

७ डिसेंबर
समर्थला आता पळायच्या आधी लागती, आणि पळून आल्यावरबी लागती, आणि काल संध्याकाळी बसल्या बसल्या मागितली. हे काय बरोबर न्हाय. विभाग प्रमुख म्हणून मला शिस्त लावली पायजे. नवीन नियम: समर्थला फक्त रविवारी. डबा मी वैरणीत लपवलाय. माझ्यापुढं त्याचं काय चालत न्हाय.

८ डिसेंबर
आज सोमवार. दिली.

कारण लिहून ठेवतो. डबा घावला न्हाय म्हणून त्यानं मोबाईलवर बोटं फिरवली आणि दुसऱ्याच कुठल्या पेजवरनं दुसराच माल मागवला, पत्ता स्टँडवरच्या पानटपरीचा. एक बंद केलं की धा उघडी. मग मीच म्हणलं, बाबा, तसलं काय घेऊ नको, हे आपलं ओळखीचं तरी हाय. आणि देणारा हात तरी बापाचा हाय.

२१ डिसेंबर
समर्थ कडबाकुट्टीशेजारी भिंतीला टेकून बसला होता. थंडी वाजल्यावानी थरथरत होता आणि घामबी येत होता. म्हणला तात्या, आज देऊ नका, मी किती मागितली तरी देऊ नका. मला भरून आलं. शहाणं पोरगं हाय. त्याच्या शेजारी बसलो. लहानपणी ताप आला की मांडीवर घ्यायचो तसं डोकं घेतलं. डोक्याचे केस राठ झालेत.

थोड्या वेळानं मागायला लागला. मी न्हाय म्हणलो. रडायला लागला. मी न्हाय म्हणलो. मग म्हणला तात्या, लई तरास होतोय ओ, तात्या. एवढं मोठं पोरगं, पण आवाज पार पहिलीतल्या पोराचा आला.

लेकराचं रडं ज्या बापाला बघवतं त्यानं बघावं. दिली. गप झाला. शिट्टी वाजवली न्हाय.

ग्राउंड झालं की सगळं बंद. आता थोडेच दिवस.

३ जानेवारी
ग्राउंडचं हॉलतिकीट आलं! अठरा तारीख. देवापुढं ठेवलं. तांबड्या बुटांचं पॉलिश घेऊन आलो. बूट सरकार देईल, पॉलिश आपलं. सारजानं डबीला हळदी-कुंकू लावलं. लई दिवसांनी हसली.

समर्थनं वैष्णवीला फोन केला. ग्राउंड झालं की तुझी ओवाळणी देतो म्हणला, मी ऐकलं. म्हणजे मी भाऊबीजेला म्हणलो तेच. पोरं शेवटी बापाचंच ऐकतात, वेळ लागतो.

तंबाखू: आजपास्नं खरंच बंद. घरात वर्दी येणार.

११ जानेवारी, बारामती, दवाखान्यात
हातात हीच डायरी हाय. गाडीच्या डिकीत होती.

सकाळी कालव्यावर पळताना समर्थ पडला. पुलाच्या अलीकडं. ठेच लागली असं मला वाटलं. मी हॉर्न वाजवला, ऊठ म्हणून. उठला न्हाय. जवळ गेलो तर तोंड निळं.

थकवा असणार. पोटात अन्न नव्हतं.

आत घेतलंय. डॉक्टरनं विचारलं काय घेत होता, काय औषध, काय इंजेक्शन, लगेच सांगा. मी म्हणलं दूध, भाकरी, भिजवलेले बदाम. कागदावर एकदा लिहिलं की भरतीच्या मेडिकलला अडचण. ग्राउंड आठवड्यावर आलंय. एवढ्या दिवसांचं सगळं पाण्यात जायचं. डॉक्टर तरणा हाय, त्याचा तो बघंल. नाहीतरी मशिनी लावल्यात, मशिनीला कळतंच.

परत विचारून गेला. मी बदाम म्हणलो.

त्याच दिवशी, दुपारी
वैष्णवी इंदापूरहून आली. पाठीवरची बॅगसुद्धा काढली न्हाय, सरळ आत गेली आणि डॉक्टरला सगळं सांगितलं. औषधाचं नाव, किती दिवस, कोण देत होतं. डॉक्टर बाहेर आला. मला सगळ्या लोकांपुढं म्हणला, सकाळीच सांगितलं असतं तर आमी वेगळा इलाज केला असता ओ.

मी म्हणलं, मी सांगणारच होतो.

सारजानं माझ्याकडं बघितलं. तसं तिनं मला कधी बघितलं नव्हतं.

१२ जानेवारी
समर्थ गेला. सकाळी.

२७ जानेवारी
तेरावा झाला. नीरेला जाऊन आलो. कोण कोण आलं होतं ते आठवत न्हाय. यशराज आला न्हाय. त्याला त्याच्या बापानं मामाकडं नेऊन ठेवलाय म्हणतात. चांगलं केलं.

पोलीस आले होते. समर्थचा फोन नेला, खोकी नेली, डबा नेला. माझ्यावर केस झाली. जामीन झाला. रांगडा पॉवरचं पेज गायब. फौजदारानं मला पेजवाल्याचं नाव विचारलं. मला त्याचा अंगठाच तेवढा माहीत.

जबाब घेणारा पोलीस समर्थच्याच वयाचा होता. मी त्याला साहेब म्हणलो. तो म्हणला बसा. पेन घेऊन विचारलं, सुई कोण द्यायचं. मी सांगितलं. त्यानं पेन थांबवलं आणि परत विचारलं, कोण.

वैष्णवी घरीच हाय. गाया तीच बघती. मला वाटलं ती एकदा तरी विचारंल की तात्या, ताटातनं डबा का उचलला. विचारत न्हाय. विचारलं असतं तर बरं झालं असतं. चहा आणून ठेवती आणि जाती. मोरपंखी ड्रेस अजून कपाटात घडीवर हाय.

लेकरानं स्वतःच्या हातानं आणून दिलं होतं ओ. भ्या वाटतंय म्हणला होता.

४ फेब्रुवारी
रील अजून हाय. समर्थच्या अकाउंटवर हाय, पासवर्ड त्यालाच माहीत होता. वैष्णवीनं तक्रार टाकली. उत्तर आलं की तपासलं, नियमांत बसतंय. आता तर लोकांनी उचलून आपापल्या पेजवर टाकलीय. नुसती शिट्टी काढून घेतलीय म्हणं. लोकं दुसऱ्याच कशाला तरी लावतात ती. ट्रॅक्टरला, बैलांना, नवरीला.

आज दुपारी घरासमोर कोणीतरी गाडीवर बसून मोबाईल बघत होता. शिट्टी वाजली. गोठ्यात चंद्रीनं मान वर केली. आणि सारजा हाताला पीठ तसंच, पळत बाहेर आली.

गाडीवाला घाबरून निघून गेला. ती रस्त्याकडं बघत उभी राहिली. मी आत चल म्हणलो. आली न्हाय. वैष्णवीनं येऊन नेली.

मी आता लिहितो. मी मारला त्याला. सुईनं न्हाय, त्याच्या आधी, भाऊबीजेला.

९ फेब्रुवारी
पण बसून चालणार न्हाय. संकल्प केलाय.

माझा नंबर तोच ठेवलाय, डेअरीचे मेसेज येतात म्हणून. पोरांचे फोन अजून येतात. रील नवीन कुणाला दिसली की त्याला वाटतं आजचीच हाय. आधी मी कट करायचो. आता कट करायचं न्हाय. एकेकाला समजावून सांगायचं. पोरं माझं ऐकतात, पाया पडायची. एक तरी वाचला तर समर्थच्या नावानं वाचला. शिवाय एक रीलबी काढायची. जिनं एवढी पोरं आणली, तिच्याच वाटेनं परत लावायची. मला या क्षेत्राचा अनुभव हाय.

वैष्णवीला शूटिंग करायला सांगितलं. तिनं फोन धरला. मी त्याच कॅनवर बसलो आणि सांगितलं, माझा मुलगा गेला, तुमी घेऊ नका. तिसऱ्यांदा नीट बोलता आलं. वैष्णवी मोबाईलच्या मागं होती, तिचं तोंड दिसत न्हाय.

१२ फेब्रुवारी
आमची रील एकोणीस लोकांनी बघितली. त्यातली दोन-तीनदा मीच. एकानं खाली लिहिलंय, तात्या जुनी टाका ना, शिट्टीवाली.

तीन फोन आले. पहिल्यानं मी बोलायला लागल्यावर ठेवला. दुसऱ्याला रेंज नव्हती. तिसरा म्हणला माफ करा तात्या, राँग नंबर, आणि मला तात्या म्हणला.

हरकत न्हाय. सुरुवात हाय. बोलायची पद्धत बदलायला पायजे. आधी चौकशी करायची, गाव कुठलं, घरी कोण कोण, मग मुद्द्यावर यायचं.

१६ फेब्रुवारी
दुपारी फोन आला. इंदापूरकडचं पोरगं. आवाज नुकता फुटलेला. ठरवल्याप्रमाणं केलं. गाव विचारलं. घरी कोण विचारलं. आई हाय, एक बहीण हाय, बाप उजनीत मासे धरतो, म्हणला. पुढच्या भरतीला उतरणार, टाईम थोडक्यात जातोय. सगळे म्हणतात तुमचा हात हलका हाय तात्या, मला सुईचं लई भ्या वाटतं.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. काय लपवलं न्हाय. कालवा, पूल, बदाम. भाऊबीजेचं ताटबी सांगितलं, जे मी पोलिसांनाबी सांगितलं न्हाय. आज बोलणं जमलं. पोरगं मधी एकदाबी बोललं न्हाय, ठेवलाबी न्हाय. पहिल्यांदा कुणीतरी शेवटपर्यंत ऐकून घेत होतं. मी म्हणलं बाळा, तुझ्याकडं काय असलं तर बहिणीच्या हातात दे आणि मोकळा हो.

पलीकडनं नाक ओढल्यावानी आवाज आला. म्हणला, सॉरी तात्या. लई वाईट झालं.

मी म्हणलं, मग ऐकशील ना माझं?

व्हय म्हणला. मग म्हणला, तुमी बंद केलंय तर दुसऱ्या कुणाचा नंबर असंल का, हलक्या हाताचा.

मी न्हाय म्हणलो.

बरं, थँक्यू तात्या, म्हणला.